मोहलत म्हणजे माफी नव्हे

मुंबईत 'घरमालक' हा शब्द ऐकला की सोन्याची साखळी घातलेला, दर महिन्याला भाडे वसूल करत फिरणारा माणूस डोळ्यासमोर येतो. आमच्या उपनगरांतले बहुतेक घरमालक मात्र वेगळे आहेत. अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली कुठेही पाहा. कोणी दहा वर्षे आखातात राबून वन बीएचके घेतला आणि स्वतः आईवडिलांच्या जुन्या खोलीतच राहिला. कोणाच्या पश्चात पत्नीला एक फ्लॅट मिळाला आणि त्यासोबत उरलेले कर्जही. कोणी मुलीच्या लग्नासाठी तोच फ्लॅट बँकेकडे गहाण ठेवला. या सगळ्यांचे गणित एका ओळीचे असते: भाडेकरू भाडे देतो, त्या भाड्यातून बँकेचा हप्ता जातो, उरलेच तर घरखर्चाला लागते.

भाडे थांबले की ही ओळ तुटते. भाडेकरूची नोकरी जाते, तो गावी निघून जातो किंवा फ्लॅट चार महिने रिकामा राहतो. हप्त्याची तारीख मात्र थांबत नाही. अशा वेळी लोक दोन शब्दांकडे धाव घेतात. एक 'मोरॅटोरियम' आणि दुसरा 'बॅलन्स ट्रान्सफर'. पहिला म्हणजे हप्त्याला मुदत आणि दुसरा म्हणजे एका बँकेचे कर्ज दुसऱ्या बँकेत नेणे. दोन्ही उपयोगी आहेत आणि न समजता घेतले तर दोन्ही महागात पडतात. पालकसभेनंतर बँकेचे इंग्रजी पत्र हातात घेऊन थांबणारे पालक आम्ही दरवर्षी पाहतो. पत्रावर सही झाल्यावर ते वाचून घेण्यापेक्षा सहीच्या आधी वाचलेले बरे, म्हणून हा लेख.

२०२० साली नेमके काय झाले?

कोविडच्या टाळेबंदीत २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना परवानगी दिली की, १ मार्च ते ३१ मे या काळातले हप्ते पुढे ढकलता येतील. मे महिन्यात ही सवलत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली. म्हणजे एकूण सहा महिने. घर स्वतः राहायचे असो की भाड्याने दिलेले, घरकर्जाला ती लागू होती. या काळात हप्ता न भरल्याने खाते थकीत धरायचे नाही आणि क्रेडिटच्या नोंदीवर डाग लावायचा नाही, असेही ठरले.

दरम्यान १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली की, किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलावी आणि भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नये. सूचना माणुसकीची होती. मे महिन्यात कुर्ला टर्मिनस आणि बोरिवलीहून श्रमिक गाड्या सुटू लागल्या. जरीकाम करणारे, शिलाई मशीनवर बसणारे, साकीनाक्याच्या कारखान्यांतले कामगार गावी गेले. त्यांच्या खोल्यांना कुलपे लागली. भाडेकरूला मुदत मिळाली, मालकालाही हप्त्याची मुदत मिळाली. वरवर पाहता सगळे जुळले.

येथेच शब्दांचा घोळ झाला. उर्दूत आपण 'मोहलत' म्हणतो आणि 'माफी' म्हणतो. दोन्ही शब्द मराठीतही सर्रास चालतात आणि दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत. मोहलत म्हणजे वेळ; देणे कायम राहते. माफी म्हणजे देणेच संपले. रिझर्व्ह बँकेने दिली ती मोहलत होती. सहा महिने हप्ता थांबला, व्याज एक दिवसही थांबले नाही. अनेकांनी मात्र ती माफी समजली, आणि सप्टेंबरमध्ये कर्जाचा उतारा पाहून ते हबकले.

आग्र्यात चष्म्याचा व्यवसाय करणारे गजेंद्र शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले. मोहलतीच्या काळातले व्याज आणि त्या व्याजावरचे व्याज का आकारता, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे इतरही अनेक अर्ज त्यात जोडले गेले. सुनावणी चालू असतानाच केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये योजना आणली: दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवर, खाते आधी थकीत नसेल तर, त्या सहा महिन्यांचे चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतला फरक सरकार देईल. ज्यांनी मोहलत घेतली नव्हती, त्यांनाही हा फरक मिळाला. २३ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला. व्याजावर व्याज कोणत्याच कर्जदाराकडून घ्यायचे नाही, घेतले असेल तर परत करा किंवा पुढच्या हप्त्यात वळते करा. पण व्याज पूर्ण माफ करण्याची आणि मुदत आणखी वाढवण्याची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही.

आकड्यांत पाहू

समजा, त्या वेळी एखाद्या मालकाचे ३० लाख रुपये कर्ज बाकी होते, व्याज ८ टक्के आणि १५ वर्षे शिल्लक. त्याचा हप्ता होतो सुमारे २८,६७० रुपये. सहा महिने हप्ता न भरता चक्रवाढीने व्याज चढले १ लाख २२ हजार. सरळ व्याजाने होते १ लाख २० हजार. म्हणजे 'व्याजावरचे व्याज' परत मिळाले ते सुमारे २ हजार रुपये. ज्या वादाच्या बातम्या आपण महिनोन्‌महिने वाचल्या, त्याचा या घराला झालेला फायदा एवढाच. उरलेले १ लाख २० हजार मुद्दलात जाऊन बसले.

आता खरा प्रश्न पुढचा: हे वाढलेले ३१ लाख २० हजार कसे फेडायचे? मार्ग तीन.

पहिला, हप्ता तोच ठेवायचा आणि मुदत वाढू द्यायची. मग १८० ऐवजी सुमारे १९५ हप्ते भरावे लागतात. एकूण जास्तीचे पैसे सुमारे ४ लाख १८ हजार.

दुसरा, मोहलत संपल्यावर पुन्हा १५ वर्षे धरून हप्ता थोडा वाढवायचा. हप्ता होतो सुमारे २९,८१६ रुपये. जास्तीचे पैसे सुमारे २ लाख ६ हजार.

तिसरा, कर्ज मूळ तारखेलाच संपवायचे. हप्ता होतो सुमारे ३०,३५० रुपये. जास्तीचे पैसे सुमारे १ लाख २१ हजार.

पहिल्या आणि तिसऱ्या मार्गात महिन्याचा फरक १,७०० रुपयांहून कमी आहे आणि शेवटचा फरक जवळजवळ ३ लाखांचा. पण बँकेत कोणी काही सांगितले नाही तर बहुधा पहिलाच मार्ग आपोआप लागू होतो, कारण त्यात हप्ता बदलावा लागत नाही. मोहलत घेण्यात वावगे काही नाही. घरात अन्न नसताना हप्ता भरणे शहाणपणाचे नाही. पण ती गरजेपुरती घ्यावी, आणि संपल्याबरोबर मुदत नको, हप्ता वाढवा, असे बँकेला लेखी कळवावे.

आज मोहलत कुठे मिळते?

आज सरसकट मोरॅटोरियम नाही. कोविडकाळात ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ मध्ये कर्जाची पुनर्रचना करण्याच्या दोन खास चौकटी आल्या. त्यांत दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवता येत होती आणि खाते थकीत धरले जात नव्हते. त्यांची दारे बंद झाली आहेत. आता अडचणीत आलेला कर्जदार बँकेकडे पुनर्रचना मागू शकतो, पण ती द्यायची की नाही हे बँक ठरवते आणि तशी नोंद क्रेडिट अहवालात राहते. पुढे मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज घ्यायला गेलो की ती नोंद समोर येते.

म्हणून पुनर्रचनेच्या आधीच्या सोप्या पायऱ्या वापरून पाहाव्यात. ऑगस्ट २०२३ मधील रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार बदलत्या व्याजदराच्या कर्जात दर वाढला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे निवडण्याचा हक्क कर्जदाराला आहे. मुदतीच्या मधे काही रक्कम किंवा पूर्ण रक्कम भरण्याचाही हक्क आहे. भाडेकरू गेला आणि नवा यायला दोन महिने लागणार, हे दिसताच बँकेत जाऊन मुदत थोडी वाढवून हप्ता तात्पुरता कमी होतो का, हे विचारावे. हप्ता चुकण्याआधी विचारणाऱ्याशी बँक वेगळ्या सुरात बोलते.

कारण चुकल्यानंतरचा रस्ता सरळ उताराचा आहे. ९० दिवस थकबाकी राहिली की खाते एनपीए होते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेने १५ दिवसांत त्याचे उत्तर दिले पाहिजे. त्यानंतर बँक घराचा ताबा घेऊ शकते. त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. अनेक घरांत ही नोटीस कपाटात ठेवून दिली जाते, 'बघू' म्हणून. त्या ६० दिवसांत करता येण्यासारखे बरेच असते, नंतर फारसे काही उरत नाही.

हेही लक्षात ठेवावे की अशा घराच्या दारावर नोटीस चिकटते तेव्हा आत भाडेकरूचे कुटुंब राहत असते. हप्ता मालकाने चुकवलेला असतो आणि शेजाऱ्यांसमोर मान खाली भाडेकरूची जाते.

कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना

आता दुसरा शब्द. व्याजदर चढतात आणि उतरतात. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्के झाला आणि २०२५ मध्ये चार टप्प्यांत ५.२५ टक्क्यांवर आला. पण जुने कर्ज जुन्या पद्धतीचे असेल तर ही उतरण तुमच्या हप्त्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी घरकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडली जातात. त्याआधीची कर्जे एमसीएलआर किंवा बेस रेटवर असू शकतात. गृहवित्त कंपन्या तर स्वतःच्याच दरावर चालतात. आपले कर्ज कशाशी जोडले आहे, हे उताऱ्यावर पाहावे. दिसत नसेल तर बँकेला विचारावे.

पहिली विनंती आपल्याच बँकेला करावी. नव्या ग्राहकाला जो दर देता तो आम्हालाही द्या, असे लेखी मागावे. अनेकदा थोडे शुल्क घेऊन दर बदलून मिळतो आणि कागदपत्रांची धावपळ वाचते. नाही मिळाला तर दुसरी बँक. व्यक्तीने व्यवसायाखेरीज इतर कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे जाण्याचा रस्ता मोकळा आहे.

१ टक्क्याने किती फरक पडतो? ३० लाख, १५ वर्षे: ९ टक्क्यांनी हप्ता सुमारे ३०,४२८, ८ टक्क्यांनी २८,६७०. महिन्याला १,७५८ रुपये आणि पूर्ण मुदतीत ३ लाख १६ हजार वाचतात. यातून नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क, वकील आणि मूल्यांकनाचा खर्च, गहाणाच्या नोंदणीचा खर्च वजा करावा. तरीही चांगली रक्कम उरत असेल तर कर्ज न्यावे.

पण सापळाही इथेच आहे. एजंट म्हणतो, "साहेब, हप्ता एकदम पाच हजारांनी उतरवून देतो." तो खोटे बोलत नाही. ८ टक्के दर आणि मुदत १५ ऐवजी २० वर्षे केली की हप्ता २५,०९३ होतो, म्हणजे ५,३०० हून अधिक कमी. पण एकूण भरायची रक्कम ५४ लाख ७७ हजारांवरून ६० लाख २२ हजार होते. दर उतरला आणि घर साडेपाच लाखांनी महाग पडले! त्यात 'टॉप-अप' म्हणून आणखी ५ लाख हातात दिले की फ्रीज, सोफा, लग्नाचा हॉल सगळे २० वर्षांच्या कर्जात जाते. तेव्हा हप्ता किती, हे विचारून थांबू नये. एकूण किती भरायचे आणि शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला, हेही विचारावे आणि उत्तर कागदावर घ्यावे.

भाड्याच्या घराबाबत आणखी एक गोष्ट. नवी बँक भाड्याचे उत्पन्न धरते ते नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि खात्यात जमा होणारे भाडे पाहून. रोखीने घेतलेले भाडे तिच्या लेखी नसल्यात जमा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चार पैसे वाचवायला साध्या कागदावर करार करणारा मालक अडचणीच्या दिवशी स्वतःचाच पुरावा गमावून बसतो.

जुने कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी जपून ठेवावी, ती इथे कामाला येते.

हेवी डिपॉझिटचा घरगुती उपाय

आमच्या वस्त्यांत कर्ज फेडण्याचा एक तिसरा मार्ग सर्रास चालतो. भाडेकरूकडून पाच-दहा लाखांचे 'हेवी डिपॉझिट' घ्यायचे, भाडे नाममात्र ठेवायचे किंवा ठेवायचेच नाही, आणि त्या पैशात बँकेचे कर्ज कमी करायचे. भाडेकरूला वाटते भाडे वाचले, मालकाला वाटते व्याज वाचले.

पण हे डिपॉझिट म्हणजे भाडेकरूने दिलेले कर्जच आहे. ११ महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी ते परत द्यायचे आहे. मालकाने ते बँकेत भरून टाकले तर परत देणार कुठून? नवा भाडेकरू शोधून त्याच्या डिपॉझिटमधून. नवा मिळाला नाही की जुना अडकतो आणि घरात भांडण शिरते. त्याहून गंभीर म्हणजे घर बँकेकडे गहाण असताना बँकेचा हक्क आधी येतो. लिलाव झाला तर भाडेकरूची आयुष्याची कमाई रांगेत फार मागे उभी राहते. घरावर कर्ज आहे हे न सांगता डिपॉझिट घेणे म्हणजे त्याला अंधारात ठेवणे होय. डिपॉझिट घ्यायचेच असेल तर कर्जाची माहिती द्यावी, पूर्ण रक्कम करारात लिहावी आणि ती बँकेतूनच घ्यावी. रक्कम दिल्याच्या बदल्यात भाड्यात सूट घेणे म्हणजे कर्जावर फायदा घेणे, असा आक्षेप अनेक उलेमांनी घेतला आहे, हेही अशा व्यवहाराआधी समजून घ्यावे.

देणारा आणि घेणारा एकच

व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत हळवा आहे. काहींनी व्याज टाळण्यासाठी घरच घेतले नाही, काहींनी नाइलाजाने घेतले आणि लवकर सुटण्याची धडपड करत आहेत. शरियतचा निर्णय देणे आमचे काम नाही, ते आपापल्या आलिमांना विचारावे. पण वरचा हिशोब दोघांनाही एकाच दिशेने नेतो: मुदत जितकी कमी, व्याज तितके कमी. हातात बोनस, गावच्या जमिनीचा वाटा किंवा आखातातून पैसे आले की आधी मुद्दलात भरावे.

सूरह बकराच्या २८० व्या आयतीत कर्जदार तंगीत असेल तर त्याची स्थिती सुधारेपर्यंत त्याला मोहलत देण्याची शिकवण आहे, आणि सोडून देणे त्याहून उत्तम म्हटले आहे. भाड्याने घर देणारा आपला मालक या शिकवणीच्या दोन्ही बाजूंना उभा आहे. बँकेसमोर तो देणेकरी आहे आणि भाडेकरूसमोर येणेकरी. बँकेची मोहलत व्याजासकट येते, हे आपण पाहिले. भाडेकरू जेव्हा म्हणतो, "चाचा, दोन महिने थांबा, काम लागले की देतो," तेव्हा आपण दिलेल्या मोहलतीला असे व्याज नसते. ते आपल्या हातात असते.

पण तीही तोंडी ठेवू नये. किती भाडे बाकी, कोणत्या महिन्यापासून, दर महिन्याला किती हप्त्याने देणार, वर काही जास्तीचे नाही, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. तसा कागद असला की मालकालाही कळते की पुढचे सहा महिने आपल्या हातात किती येणार, आणि तो बँकेत जाऊन तेवढ्याच हिशोबाने बोलू शकतो. कुर्ल्यातल्या एका खोलीतला करार आणि बँकेतला अर्ज असे एकाच आकड्यावर उभे राहतात.

शेवटी करण्यासारखी चार कामे. या आठवड्यात कर्जाचा उतारा मागवून दर, बाकी रक्कम आणि शेवटच्या हप्त्याची तारीख पाहावी. तीन महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम वेगळी ठेवायला सुरुवात करावी, कारण फ्लॅट रिकामा राहणार हे गृहीतच धरायचे असते. करार नोंदवून घ्यावा. आणि बँकेशी जे काही बोलणे होईल ते पत्राने किंवा ईमेलने करून पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर बँकेसाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गृहवित्त कंपनीसाठी नॅशनल हाउसिंग बँकेकडे तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही, फी लागत नाही. लागतात ते जपून ठेवलेले कागद.